चपला हातात घेऊन यावे

आमच्या गावात माणूस गेला की ऑटो फिरतो. टपावर दोन भोंगे, आत बॅटरी, मशीन, माइक, आणि माइकवर मी. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." एवढं ऐकू आलं की चौकातला चहावाला हातातलं पातेलं तसंच धरून थांबतो, बाया पिठाच्या हातानं दारात येतात. कोण गेलं, कुठून निघणार, किती वाजता, हे कळेपर्यंत गल्ली श्वास सोडत नाही. मग एखादी बाई "माय वं!" म्हणते आणि पुन्हा सगळं सुरू होतं.

"आमच्या गावात" असं लिहिताना मी जरा चाचरतो. माझं जन्मगाव राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी. हे गाव वाशिम जिल्ह्यातलं, तालुक्याचं. त्याचं नाव लिहीत नाही, ते का ते पुढे कळेल.

आठवीत शाळा सुटली आणि मी आकाशपाळण्याच्या कंपनीत लागलो. जत्रेमागून जत्रा, माझं काम माइकवर ओरडायचं. या, बसा, घाबरू नका. घाबरू नका म्हणणारा मी स्वतः एकदाही त्या पाळण्यात बसलो नाही. इथल्या जत्रेत मालक आजारी पडला, पाळणा विकला गेला, माणसं पांगली. भाड्यानं आणलेला भोंगा परत द्यायला मी शेठजींच्या दुकानात गेलो. पुढे वह्या-पेन, मागे साउंडचं सामान, असं ते दुकान. शेठजींनी भोंगा वाजवून पाहिला, मला दोन शब्द बोलायला लावले आणि म्हणाले, "आवाज चांगला हाय बावा. जेवला काय?"

मी भोंग्याची वायर गुंडाळत राहिलो.

"जेवून घे. आमच्यात सूर्य बुडाला की चूल बंद. मंग तुले इथं काही भेटणार नाही."

तेव्हापासून मी दिवस मावळायच्या आत जेवतो. जैनांच्या घरची ती रीत मला इतकी लागली आहे की बाहेर कुठे उशिरा जेवायची वेळ आली तर घास उतरत नाही. दुकानामागची खोली मला राहायला मिळाली ती आजतागायत. घर सुटलेल्या माणसाला कुणी पहिल्या दिवशी "जेवला काय" विचारतं, तो प्रश्न माणूस विसरत नाही. हे आधीच लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या घराची.

सुरुवातीला पोरं मला घाबरायची. एकदा बाजारात मी भेंडीचा भाव विचारला तर मागे वळूनही न बघता एक बाई म्हणाली, "कोण गेलं हो?"

शेठजींनी मला या कामाचा एकच नियम घालून दिला होता. घरचा माणूस समोर उभा असल्याशिवाय मयतीची सूचना वाचायची नाही. फोनवरून नाही, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नाही. फार पूर्वी त्यांच्या वडिलांच्या वेळी कुणाच्या तरी ऐकीव बोलण्यावर एका जित्या माणसाची सूचना फिरली होती. तो माणूस संध्याकाळी दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "आता मेलोच हाय तर चहा तं पाजा." तेव्हापासून हा नियम. घरचा माणूस येतो, मी नाव विचारतो, वेळ विचारतो, कुठून निघणार ते विचारतो, त्याच्यासमोर एकदा वाचून दाखवतो. तो मान हलवतो. मगच ऑटो हलतो. माझ्यासारख्या धास्तीखोर माणसाला हा नियम फार बरा. जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी भाजी घेऊन बसायची. मी काही घेवो न घेवो, जाताना कोथिंबिरीच्या दोन काड्या माझ्या खिशात खोचायची. "तुह्या मायनं टाकली असती ना," म्हणायची. ती गेली. सूचना मीच वाचली, आणि ऑटो दुकानी लावून मयतीलाही गेलो.

मोक्षधामाचा रस्ता तेव्हा पाइपसाठी खोदून ठेवलेला होता. पाइप टाकले, माती वर लोटली आणि मशीन निघून गेलं, ते परत आलंच नाही. पावसानं त्या काळ्या मातीचा लगदा झाला होता. इथली माती पाय धरते. उचललेला पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. अर्ध्या वाटेवर पुढच्या खांदेकऱ्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तिरडी एका बाजूला कलली. सगळे एकदम ओरडले. आजीच्या मुलानं आडवं होऊन तिचे पाय धरले, म्हणून ती खाली आली नाही. आईला अग्नी देताना त्याच्या छातीभर चिखल होता.

परतताना लोक आपापल्या चपला शोधत होते. चिखलात रुतलेल्या, एक इकडे, एक तिकडे, कुणाची पट्टी तुटलेली. मी उभा राहिलो आणि मोबाइलवर त्या चपलांचा व्हिडिओ काढला. माणसांचा नाही काढला. आणि तो काढता काढता तोंडून जे आलं ते सवयीनं आलं, सूचनेच्या चालीवर:

"सर्व नागरिकांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या मोक्षधामाच्या रस्त्याचे दीर्घ खोदकामाने दुःखद निधन झाले आहे. अंत्ययात्रा नगरपरिषद कार्यालयातून निघेल. येणाऱ्यांनी चपला हातात घेऊन यावे."

फेसबुकवर टाकला. दुसऱ्याच्या आईच्या मयतीवर हसणं माझ्या मनात नव्हतं. राग होता, आणि मला राग दुसऱ्या कुठल्या चालीत येत नाही.

आमचा ऑटोवाला, ज्याच्या ऑटोत मी बसतो, त्यानं तो गावाच्या ग्रुपवर ढकलला. मी पाय धुऊन येतो तोवर त्याचा फोन.

"अबे कोकण्या, तू तं फेमस झाला! माह्या अनसिंग गावच्या साळ्यानं मलेच परत पाठवला, म्हणे पाह्य दाजी, तुमच्या गावचा हाय. कारंज्यात पोचला बे, कारंज्यात!"

"काढून टाकू का?"

"कायले? खोटं हाय काय त्याच्यात?"

खोटं नव्हतं. पण माझी झोप उडाली. आवाज माझा होता आणि तो आवाज गावातलं तान्हं पोरही ओळखतं.

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेचे बडे बाबू, म्हणजे मोठे कारकून, दुकानात आले. तसे ते नेहमीचेच, पाणी कधी येणार, घरपट्टी कधी भरायची, या सूचनांचे कागद तेच आणून देतात. त्या दिवशी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"शेठजी, तुमचा माणूस ऑफिसची मयत काढून राह्यला, आन् तुमी वह्या विकत बसले."

शेठजी म्हणाले, "मी पाह्यला. रस्त्याची काढली त्यानं."

"अंत्ययात्रा ऑफिसातून निघन म्हणते थो! साहेब, अध्यक्ष, समद्याइनं पाह्यला." मग माझ्याकडे वळून, "तू कुठचा रे? आधार कुठचं तुह्यं?"

मी गाव सांगितलं.

"मंग तिकडचे रस्ते पाह्य ना. इथं पोट भरायले आला, पोट भर."

जाताना कागद ठेवून गेले. साहेबांच्या सहीचा नव्हता, शिक्का नव्हता, नुसता छापलेला. मी प्रसारित केलेला व्हिडिओ खोटा व खोडसाळ असून मोक्षधामाचा रस्ता सुस्थितीत आहे. त्याबद्दल मी नगरपरिषदेची जाहीर माफी मागतो. यापुढे समाजमाध्यमांवर नगरपरिषदेची बदनामी करणाऱ्यांवर आणि ग्रुप अॅडमिनवर गुन्हे दाखल करण्यात येतील. हे सगळं मी, माझ्या आवाजात, ऑटोवरून, गावाच्या प्रत्येक वॉर्डात वाचायचं. नाहीतर नगरपरिषदेच्या सूचनांचं काम बंद, आणि भोंगा फिरवायला त्यांची जी परवानगी लागते तीही बंद. मयतीच्या सूचना धरून सगळंच. म्हणजे फास माझ्या गळ्यात नव्हता, शेठजींच्या दुकानाला होता.

त्या दिवसापासून गावाचा ग्रुप मुका झाला. अॅडमिननं असं करून ठेवलं की फक्त त्यालाच लिहिता येईल, आणि तो सकाळी एक फूल टाकायचा. तेवढंच. बाजारात लोक मला कोपरखळी मारून पुढे जात. "बरोबर बोल्ला भाऊ," हळूच म्हणत, "पण माह्यं नाव नको घेऊ कुठी." एकानं तर मला सांगितलं की त्यानं व्हिडिओला अंगठा दिला होता तो काढून घेतला, आणि काढून घेतला हे बाबूला सांगूनही आला.

घरी फोन केला. आईला कुणीतरी गावातल्या मुलानं व्हिडिओ दाखवला होता. तिला तो आवडला असावा, कारण आधी हसली. मग रडू लागली. "गप रव रे बाबा. दुसऱ्याच्या गावात तोंड कित्याक उघडतंस? माफी माग आणि मोकळो हो."

मी ठरवलं, मागून टाकू. खरंच ठरवलं. आवाज विकणारा माणूस मी. जत्रेत "जगातला सर्वात उंच पाळणा" म्हणून रोज ओरडलोच की, आणि तो जगातला तर सोडाच, त्या जत्रेतलाही सर्वात उंच नसायचा. आता आणखी एक. शेठजींकडे कागद घेऊन गेलो. ते जेवायला बसले होते, त्यांची बायको, आमच्या काकू, वाढत होत्या, ऊन अजून अंगणात होतं.

"वाचतो म्हणतो मी," मी म्हणालो. "तुमच्या दुकानाला त्रास नको."

शेठजींनी घास संपवला. "दुकानाचं मी पाह्यतो. तुले वाचायचं असन तं वाच, नसन वाचायचं तं नको वाचू. मी तुले हो म्हणणार नाही, नाही बी म्हणणार नाही."

काकू मध्येच बोलल्या, "मले एक सांग. घरचा माणूस कोण उभा राहणार?"

मला कळलं नाही.

"कागदात लिहिलं ना, रस्ता चांगला हाय म्हणून. कोणी येऊन सांगितलं तुले? तुमचा नियम हाय ना, समोर माणूस पायजे. का फक्त मेल्या माणसालेच नियम? बस, जेव आधी. भाजी थंडी होऊन राह्यली."

शेठजी ताटात बघत हसले. मी जेवलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवण गेलं.

ठरल्या वेळी ऑटो नगरपरिषदेच्या दारात लावला. बडे बाबू सोबत बसणार होते, मी सगळे वॉर्ड करतो की नाही बघायला. ऑफिसची चार माणसं पायऱ्यांवर तमाशा बघायला उभी. मी माइकचं बटण दोनदा चालू केलं, दोनदा बंद केलं. ऑटोवाला पुटपुटला, "सोड ना बे, बीपी वाढन तुह्यं."

मी बाबूंना म्हणालो, "साहेब, वाचतो. पण आमच्यात एक पद्धत आहे. घरच्या माणसानं समोर उभं राहून सांगितल्याशिवाय आम्ही सूचना वाचत नाही. तुम्ही माझ्यासोबत मोक्षधामाच्या रस्त्यावर चला. तिथं उभे राहा, मला सांगा की रस्ता सुस्थितीत आहे. तिथूनच वाचायला सुरुवात करतो. माफीसकट."

"मले शिकवतो काय तू?"

"नाही साहेब. तुम्ही नाही तर मोठ्या साहेबांनी यावं. कुणीही एकानं. ऑटो आहेच."

ऑटोवाल्यानं तेवढ्यात ऑटो सुरू केला आणि मागची सीट फडक्यानं पुसली. "या ना साहेब, बसा. बूट तेवढे काढून हातात घ्या."

पायऱ्यांवरच्या चौघांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबूंनी मागे वळून पाहिलं तेव्हा चौघांचे चेहरे कोरे होते. बाबूंनी वर साहेबांच्या खिडकीकडे पाहिलं. त्यांनाही वरून कुणीतरी कागद दिला होता, हे मला त्या क्षणी दिसलं. ते काही गाडीत बसले नाहीत. मी कागद त्यांच्या हातात परत दिला. देताना "माफ करा" म्हणालो, आणि नंतर दिवसभर स्वतःवर चिडलो, की माफी नाही मागायची म्हणून गेलो आणि तेवढी मागून आलो.

परवानगी बंद झाली. एक-दोन मयती भोंग्याविना झाल्या. लोकांना राख सावडायच्या दिवशी कळलं. बाहेर वावरात गेलेल्या माणसांना मोबाइलवर निरोप मिळत नाही, भोंगा मिळतो, हे या गावात सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या घरची मयत होती ते नगरपरिषदेत जाऊन भांडले. ग्रुपवर बोलायची चोरी होती, पण मयतीचं भांडण कोण अडवणार? शेवटी परवानगी मिळाली, पण अट घालून. मयतीची सूचना फिरवा, मात्र तो माणूस माइकवर नको. तो म्हणजे मी. माझा आवाज बंद.

शेठजींनी मला खोली सोडायला सांगितली नाही. "बॅटरी भर, वायरी पाह्य," एवढंच म्हणाले. मी बॅटरी भरली. पण आवाजाच्या माणसानं गप्प बसायचं म्हणजे काय, ते मी कसं लिहू. मला वाटलं, झालं. त्यांना जे हवं होतं ते झालं.

मग एक मुलगी आली. मुलगी कसली, दोन लेकरांची आई, गावातल्या गावात दिलेली. तिची आई सकाळी गेली होती. भाऊ नव्हता. तिनं नाव सांगितलं, वेळ सांगितली, कुठून निघणार ते सांगितलं. मी म्हणालो, "ताई, वाचायला माणूस नाही. मला मनाई आहे."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "मीच बोलतो. माइक कसा धरतात तेवढं सांगा."

आजवर मयतीची सूचना परक्यानं वाचायची, कारण घरच्याचा कंठ दाटतो. म्हणून तर माझं काम. ती ऑटोत मागे बसली, मी पुढे ऑटोवाल्याच्या बाजूला. मी तिला दाखवलं, तोंडापासून चार बोटं लांब धरायचा, श्वास बाजूला सोडायचा. ऑटो निघाला. तिनं "कळविण्यास" वगैरे काही म्हटलं नाही.

"माही माय गेली. तीन वाजता आमच्या घरून नेणार हाय. माय तुमाले समद्याले माहीत हाय. आन् मोक्षधामाचा रस्ता लय खराब हाय. चपला हातात घेऊन या."

मी मागे वळून पाहिलं. तिनं ते वाक्य मला विचारून घेतलं नव्हतं. डोळे पुसले आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच बोलली, जास्त मोठ्यानं. बाया दारात आल्या. कुणी "माय वं" म्हटलं, आणि मग मागून एक म्हातारा ओरडला, "बरोबर बोल्ली पोरी!" उघड, दिवसाढवळ्या, नाव न लपवता.

नगरपरिषदेसमोर बडे बाबू बाहेर आले, हात आडवा केला. ऑटोवाल्यानं ब्रेक दाबला.

"कोण बोलून राह्यलं हे? मनाई हाय ना!"

ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली. "मनाई थ्याले हाय साहेब. हे घरचं माणूस हाय."

बाबूंनी आत वाकून पाहिलं. मागे ती, मांडीवर माइक, डोळे सुजलेले. त्यांनी हात खाली घेतला.

त्यानंतर जी मयत झाली तिचा मुलगा बोलला. त्यानंतर एकाची सून. कुणी अडखळतं, कुणी रडतं, कुणी नावच विसरतं आणि आपल्या बापाला "आमचे बाबा" एवढंच म्हणतं. माझ्याइतकं शुद्ध कुणी बोलत नाही. पण शेवटचं वाक्य कुणी चुकत नाही. घरची माणसं दुकानात येतात तेव्हाच विचारतात, "ते रस्त्याचं कसं म्हणायचं?" ग्रुप अजून मुकाच आहे. पण दुपारी ऑटो फिरतो तेव्हा गावाला जे बोलायचं ते भोंग्यावरून बोललं जातं, आणि त्यावर गुन्हा कुणावर घालायचा ते अजून कुणाला सुचलेलं नाही.

मध्यंतरी रस्त्यावर मुरूम पडला. अर्ध्यावरच. उरलेला अर्धा तसाच आहे, तिरडी तिथेच कलते.

बडे बाबू परवा पुन्हा आले होते. या वेळी बसले, चहा घेतला. म्हणाले, "पाह्य, साहेब म्हणतात, घे बावा तू माइक परत. माफी बी नको. फक्त थो व्हिडिओ काढून टाक, आन् रस्त्याचं वाक्य नको."

मला माइक हवा होता. किती हवा होता ते शेठजींना माहीत आहे, त्यांनी वहीत डोकं घातलं. धास्ती काही गेलेली नाही माझी, ती जाणारही नाही. आजही पोलिसांची गाडी दुकानापुढे थांबली की मी आत वायरी मोजत बसतो. पण मी म्हणालो, "व्हिडिओ राहू द्या साहेब. रस्ता झाला की दुसरा काढतो, रस्ता जिवंत झाल्याचा. तो तुम्ही ग्रुपवर टाका."

बाबू उठले. तेवढ्यात पायरीवर एक माणूस येऊन उभा राहिला, डोक्याला रुमाल, डोळे लाल. घरचा माणूस. बाबूंनी त्याला वाट करून दिली. मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, नाव विचारलं, वेळ विचारली, कुठून निघणार ते विचारलं. मग माइक त्याच्या हातात दिला.

"चार बोटं लांब धरा, भाऊ," मी म्हणालो. "आणि घाबरू नका. मी पुढेच बसलेलो आहे."